बोअरच्या पाण्यात नायट्रेट ७८ आलंय. शोषखड्ड्यांमुळं की ऊसाच्या खतामुळं, कसं ओळखायचं?

खानापूर_रोड_साईट

नमस्कार मंडळी. आमचं घर बेळगावच्या बाहेर खानापूर रोडच्या बाजूला एका नव्या लेआऊटमध्ये आहे, सगळ्या ३० बाय ४० च्या साईटी, यूजीडी म्हणजे जमिनीखालची गटारलाईन अजून आलेली नाही आणि कधी येणार ते कुणी ठाम सांगत नाही, त्यामुळं प्रत्येक घराची आपापली सेप्टिक टाकी आणि मागं शोषखड्डा. नळाला पाणी येतं पण त्याचा नेम नाही, प्यायला सोडून बाकी सगळं बोअरवर आणि खरं सांगायचं तर नळ नसला की प्यायलाही बोअरच. बोअर २८० फूट आहे, केसिंग म्हणजे बोअरमध्ये बसवलेला पाईप ६० फुटांपर्यंत.

घरात वहिनीला सातवा महिना लागलाय म्हणून पाणी तपासून घेतलं. रिपोर्ट असा, आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये: टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार ६९०, क्लोराईड १४२, नायट्रेट ७८, ई कोलाय म्हणजे मैल्यातले जंतू नाहीत. नायट्रेटसमोर मर्यादा ४५ लिहिलीय.

आता लेआऊटमध्ये यावरून दोन पार्ट्या पडल्यात. अर्ध्या लोकांचं म्हणणं की कंपाउंडच्या पलीकडं ऊस आहे, युरियाच्या गोण्या ओततात त्याचं हे. शेतवाले काका म्हणतात तुमची एवढी घरं आल्यापासूनच आमच्या विहिरीचं पाणी बदललं. मेस्त्री म्हणतो शोषखड्डा बोअरपासून ५० फुटांवर असला की काही होत नाही. आमचा आहे ५५ फुटांवर, पण शेजाऱ्यांचा खड्डा भिंतीला लागून आहे आणि टेप धरून मोजलं तर आमच्या बोअरपासून २२ फूटच भरला. आणखी एकानं तर आपल्या टाकीतलंच पाणी लॅबला दिलं होतं, त्यात नायट्रेट जवळजवळ शून्य आलं, म्हणून तो सगळ्यांना सांगत सुटलाय की संडासच्या टाकीचा काही संबंधच नाही.

माझं विचारणं एवढंच की हे नक्की कुठून येतंय हे कमी खर्चात कसं काढायचं, आणि तोवर घरात काय करायचं. कुणाला भूजलाचं काम माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा की.

खानापूरची_ताई

दादा आधी घरातलं बघा, दोष कुणाचा ते नंतर. आमच्या गावात जल जीवन मिशनच्या किटनं पाणी तपासायचं ट्रेनिंग आम्हा बायकांना दिलंय, त्यात शिकवलेलं सांगते.

पहिली गोष्ट, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं म्हणजे प्रमाण वाढतं. आमच्याकडं बाळंतिणीला उकळून गार केलेलं पाणी द्यायची पद्धत आहे, ती जंतूंसाठी चांगलीच आहे पण नायट्रेटसाठी उपयोगाची नाही, हे सासवांना समजावताना लई वेळ जातो. कँडलचा फिल्टर, यूव्ही, तुरटी, क्लोरीन यातल्या कशानंही नायट्रेट निघत नाही. आरओनं निघतं, पण त्यातला मेंब्रेन म्हणजे गाळणारा पडदा जुना झाला की तोही सोडायला लागतो, म्हणून आरओच्या नळाचं पाणी वेगळं तपासा.

दुसरी, सगळ्यात जपायचं ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. वरचं दूध म्हणून पावडर द्यायची वेळ आली तर ती या पाण्यात अजिबात कालवू नका. एवढ्या लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राईट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ नखं निळसर पडतात. तसं दिसलं तर घरी काही करत बसू नका, सरळ दवाखाना. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातून तेवढं उतरत नाही, ते बिनधास्त पाजा. वहिनींनाही आत्तापासून प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी ठेवा, नळाचं साठवून ठेवा नाहीतर पंचायतीच्या शुद्ध पाण्याच्या घटकातून कॅन आणा. अंघोळ, भांडी, कपडे याला बोअर चालतो, कातडीतून नायट्रेट जात नाही. डॉक्टरांच्या कानावर मात्र हा रिपोर्ट घाला.

कातळ_आणि_पाणी

भूजल सर्वेक्षणाचं काम करतो, बेळगाव, खानापूर, हुक्केरी या भागात बरीच वर्षं फिरलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी त्या टाकीतल्या शून्याचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. सेप्टिक टाकीत हवा नसते. लघवीतला आणि मैल्यातला नायट्रोजन तिथं अमोनियाच्या रूपात असतो, त्यामुळं टाकीच्या पाण्यात नायट्रेट तपासलं तर ते शून्याच्या आसपासच यायचं. हेच पाणी शोषखड्ड्यातून बाहेर पडून खालच्या मुरमात, जांभ्यात उतरतं तेव्हा त्याला हवा मिळते आणि मातीतले जंतू अमोनियाचं नायट्रेट करतात. म्हणजे नायट्रेट टाकीत नाही, टाकीच्या खाली तयार होतं. टाकीतलं पाणी तपासायचंच असेल तर अमोनिया आणि एकूण नायट्रोजन तपासा, मग आकडा दिसेल.

दुसरा मुद्दा ५० फुटांचा. सेप्टिक टाकीच्या भारतीय मानकात, आयएस २४७० मध्ये, सांडपाणी जिरवायची जागा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत नको असं आहे, मेस्त्री लोकांचे ५० फूट बहुतेक तिथूनच आलेत, जरी १८ मीटर म्हणजे जवळजवळ ६० फूट होतात. पण ते अंतर जंतूंसाठी आहे. जंतू मातीत गाळले जातात, काही दिवसांत मरतात. नायट्रेट मरतही नाही आणि मातीला चिकटतही नाही, पाण्यात विरघळून पाणी जाईल तिथं जातं. त्यात आपली जमीन बघा. बेळगाव आणि खानापूरच्या बाजूला वरती जांभा, त्याला आरपार भोकं आणि नळ्या, खाली काळा कातळ आणि पाणी फक्त त्याच्या भेगांतून. वळिवाचा एक मोठा पाऊस पडला की जुन्या आडांचं पाणी कसं लगेच हलतं ते बघितलंच असेल तुम्ही. अशा जमिनीत २२ फूट काय आणि ५५ काय, नायट्रेटच्या हिशेबात फार फरक नाही. भेग कुठून कुठं जाते त्यावर सगळं. तुमच्या रिपोर्टमध्ये ई कोलाय नाही म्हणून टाकीचा संबंध नाही असंही कुणी म्हणेल, ते धरू नका. ई कोलाय आणि अमोनिया सापडला असता तर गळती थेट आहे असं म्हणता आलं असतं. नाही सापडला याचा अर्थ पाणी मातीतून गाळून आलंय एवढाच, आणि तसं ते टाकीचंही येतं आणि ऊसाचंही.

आता कुणाचं जास्त याचा कागदावरचा हिशेब करता येतो आणि तो प्रत्येक लेआऊटच्या लोकांनी एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं. एक माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो, बहुतेक लघवीतून. चार माणसांचं घर म्हणजे वर्षाला १४ ते १५ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नायट्रोजन असतो, म्हणजे एक घर वर्षाला पाऊण गोणीही टाकत नाही. ऐकायला काहीच नाही. पण ३० बाय ४० च्या साईटी रस्ते सोडून एकरात वीसेक बसतात. वीस घरं, ८० माणसं, वर्षाला २९२ किलो. ऊसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नायट्रोजनची, म्हणजे एकरी १००. पूर्ण भरलेला लेआऊट शिफारशीच्या ऊसापेक्षा जवळजवळ तिप्पट नायट्रोजन जमिनीत सोडतो, आणि तो मुळांच्या खाली, आठ दहा फुटांवर, जिथून कुठलंही पीक तो वर ओढू शकत नाही.

पुढं जाऊ. ३० टक्के टाकीच्या गाळात आणि हवेत गेला असं धरा, उरला २०४ किलो. तो विरघळायला पाणी किती? माणशी रोज १०० लिटर सांडपाणी धरलं तर वर्षाला २९ लाख लिटर. पावसाचं, बेळगावात साडेबाराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो त्यातला दहावा हिस्सा मुरला तर एकराला पाचेक लाख लिटर. २०४ किलो भागिले ३४ लाख लिटर, लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रोजन येतो आणि नायट्रेट म्हणून मोजायचा तर त्याला ४.४३ नं गुणायचं, २६५. प्रत्यक्षात शेजारच्या रानातून, नाल्यातून येणारं चांगलं पाणी मिसळतं, काही नायट्रेट हवा नसलेल्या थरात मोडून वायू होऊन जातं, म्हणून बोअरला तुम्हाला २६५ नाही ७८ दिसतंय. पाच एकरात एकच फार्महाऊस असतं तर याच हिशेबानं १७ ते १८ आलं असतं. मेख घरांच्या दाटीत आहे, एखाद्या टाकीत नाही. हाच हिशेब अथणी रायबागकडं केला तर आणखी वाईट दिसेल कारण तिकडं पाऊस बेळगावच्या निम्म्याच्या आसपास, पाणी पातळ करायला काही नाही.

आणि हे फक्त तुमच्या गल्लीचं दुखणं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात कर्नाटकातल्या नमुन्यांपैकी ४८ टक्के नमुने ४५ च्या वर आहेत, देशाची सरासरी २० टक्क्यांच्या आसपास असताना.

ऊसवाला_चिकोडी

वरच्या सरांनी आकडे चांगले मांडलेत पण आमच्या बाजूचंही लिहितो कारण मला दोन्हीकडचं दिसतंय. शिफारस एकरी १०० किलो म्हणजे युरियाच्या पाच गोण्या बरोबर आहे, पण शिफारशीवर थांबतंय कोण. आमच्या भागात आठ आठ दहा दहा गोण्या टाकणारे आहेत, वर डीएपी हे दुसरं नायट्रोजनवालं खत वेगळं, आणि पाट फोडून सरीतून भरपूर पाणी सोडायचं, ते सगळं खत मुळाच्या खाली घेऊन जातं. रात्रीची करंट असली की मोटर चालू करून माणूस झोपतो आणि सकाळपर्यंत पाणी वाहतंय. त्यामुळं ऊसाचं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. ठिबकवर आल्यापासून माझं खत बरंच कमी झालंय आणि टनेज पडलेलं नाही, हे माझ्या रानातलं सांगतो.

पण एक बघा. ऊसाचं खत वर्षातून तीन चार हप्त्यांत पडतं, शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला म्हणजे ऊसाला मातीची भर लावताना, नंतर काही नाही. संडास रोजचा आहे, बारा महिने. तुमच्या बोअरचं नायट्रेट वर्षभर एकाच पातळीवर राहतंय की खत टाकून मोठा पाऊस झाला की उसळी मारतंय हे बघितलं तर बरंच कळेल असं मला वाटतं. शेतवाल्या काकांशी भांडू नका, त्यांची विहीर तपासायला मागा. ऊसाच्या पल्याडची, तुमच्या लेआऊटपासून लांब असलेली. तिथं ३० आलं आणि तुमच्याकडं ७८ तर मधले कुठून आले ते सरळच झालं.

सर, एक प्रश्न. क्लोराईड जास्त असलं की संडासचं पाणी असं आमच्याकडं एकजण सांगत होता, ते खरं का? कारण आम्ही पोटॅश टाकतो त्यातही क्लोराईड असतंय.

कातळ_आणि_पाणी

अगदी नेमकं विचारलंत. माणसाच्या लघवीत मीठ असतं, म्हणून सांडपाण्यासोबत क्लोराईड वाढतं हे खरं. पण म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईडच, त्यामुळं ऊसाच्या पट्ट्यात एकट्या क्लोराईडवर निकाल देता येत नाही. त्याच्या जोडीला बोरॉन बघा, कपडे धुण्याच्या काही पावडरींतून ते सांडपाण्यात येतं. मोठ्या लॅबमध्ये कृत्रिम गोडीचे पदार्थ शोधतात, ते माणसाच्या पोटातून न पचता बाहेर पडतात आणि खतात नसतात, सापडले तर शंका उरत नाही. नायट्रोजनच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणाचीही टेस्ट आहे. रासायनिक खताचा आकडा शून्याच्या आगेमागे राहतो, मैल्याचा आणि शेणखताचा साधारण १० ते २० च्या दरम्यान. त्यात तोटा असा की शेणखत आणि संडास वेगळे काढता येत नाहीत, आणि आपल्याकडं प्रत्येक रानात शेणखत आहे. एका घरानं एवढा खर्च करावा असं मी सांगणार नाही.

ठिबकचं तुम्ही लिहिलंत ते खूप महत्त्वाचं आहे, तिकडच्या लोकांना सांगत राहा.

सिव्हिलवाला_निपाणी

मी घरांची कामं घेतो, उपायाचं लिहितो.

टाकी उपसून घेतली की प्रश्न मिटला असं बऱ्याच जणांना वाटतं. सक्शनची गाडी खालचा गाळ नेते, विरघळलेला नायट्रोजन रोजच्या रोज शोषखड्ड्यातून जातच असतो. उपसा तरीही करा कारण गाळ भरला की सगळंच घाण पाणी पुढं ढकललं जातं, दोन तीन वर्षांनी तरी. दुसरं म्हणजे आपल्याकडं टाकीच्या तळाला काँक्रीटच घालत नाहीत, आठ बाय सहाचा खड्डा, चारी बाजूंनी चिरे, खाली उघडा जांभा, आणि मालकाला अभिमानानं सांगतात की साहेब कधी भरणारच नाही. न भरणारी टाकी म्हणजे जमिनीत सोडलेली टाकी. तुमच्या लेआऊटमध्ये अशा किती आहेत ते एकदा विचारून बघा, उत्तर देताना लोक खूश असतील कारण त्यांना ते चांगलंच वाटतं. आणि कुणी कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये नाहीतर जुन्या आडात टाकीचा पाईप सोडला असेल तर तो आधी बंद करायला लावा, भांडण झालं तरी चालेल. ते म्हणजे मधली सगळी माती टाळून घाण थेट पाण्यात घालणं.

खोल शोषखड्ड्याऐवजी उथळ चर करा, दीड दोन फूट खोल, खडी आणि भोकाचा पाईप, वरून माती आणि त्यावर केळी, कर्दळ, हत्तीगवत असं भरपूर खाणारं काहीतरी लावा. नायट्रोजन मुळाच्या पट्ट्यात राहिला तर झाड घेतंय. ३० बाय ४० मध्ये जागा नसते हे माहीत आहे, पण लेआऊटला सोडलेली पार्कची जागा असते ना, तिथं सगळ्यांचं पाणी आणून एक छोटा एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट करता येतो. करताना ठेकेदाराला लेखी विचारा की नायट्रोजन किती उतरणार. नुसती हवा मारणारा प्लांट अमोनियाचं नायट्रेट करून सोडतो, पुढं हवा नसलेला टप्पा असेल तरच ते वायू होऊन जातं. हे न विचारता पैसे भरलेले लेआऊट मी बघितलेत, पाणी स्वच्छ दिसतं, वास नाही, आणि नायट्रेट आहे तिथंच.

घरात आरओ बसवणार असाल तर त्याचं टाकाऊ पाणी शोषखड्ड्यात नको, झाडांना घाला.

खानापूर_रोड_साईट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलं तसं प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी आजपासून वेगळं केलं, वहिनीच्या डॉक्टरांनाही रिपोर्ट दाखवणार आहे. एकराचा हिशेब आमच्या ग्रुपवर टाकला, त्यावर दोघांनी स्वतःहून लिहिलं की त्यांच्या टाकीला तळ नाही. शेतवाले काकाही विहिरीचं पाणी द्यायला तयार आहेत, उलट म्हणाले दोन बाटल्या न्या.

आता नमुने कुठले आणि कधी घ्यायचे ते सांगा. लेआऊटमधून वर्गणी काढली तर पाच सहा टेस्ट जमतील.

कातळ_आणि_पाणी

पाच सहा पुरतात, जागा नीट निवडा. जमिनीचा उतार बघा, कातळात पाणी भेगेनं जात असलं तरी साधारण कल नाल्याकडं असतो. एक नमुना लेआऊटच्या वरच्या अंगाला, जिथं घरं नाहीत. एक काकांची ऊसातली विहीर. दोन लेआऊटच्या मधल्या बोअरचे, एक तुमचा, एक दाट घरं असलेल्या गल्लीतला. एक लेआऊटच्या खालच्या अंगाला नाल्याजवळ. जमलं तर लांबच्या भातरानातला एखादा आड. प्रत्येकाचं नायट्रेट, क्लोराईड, पोटॅशियम, अमोनिया आणि ई कोलाय. वरच्या अंगाला कमी, मध्ये चढलेलं, खाली त्याहून जास्त असं दिसलं तर ते घरांचं. ऊसातल्या विहिरीतही तुमच्याएवढंच आणि पोटॅशियमही वर असेल तर खताचा वाटा मोठा. दोन्ही मिसळलेलं निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे, तेव्हा एकमेकांकडं बोट दाखवायला रिपोर्ट वापरू नका, पंचायतीत पीडीओंसमोर (पंचायत विकास अधिकारी) सगळे मिळून ठेवा, शेतवाल्या काकांनाही सोबत घ्या.

हेच सगळं दोनदा करा, एकदा मे मध्ये पावसाच्या आधी आणि एकदा ऑक्टोबर नोव्हेंबरात. एका रिपोर्टवर मी तरी काही ठरवणार नाही. प्रत्येक बोअरची खोली आणि केसिंग किती ते बाटलीवरच लिहा, ६० फूट केसिंग आणि २० फूट केसिंग यांचे आकडे शेजारी ठेवून काही अर्थ नाही.

नमुना घेताना मोटर दहा पंधरा मिनिटं चालू द्या म्हणजे पाईपमध्ये साचलेलं पाणी निघून जाईल, वरच्या पाण्याच्या टाकीच्या नळाचं घेऊ नका, बोअरच्या तोंडाशीच घ्या. बाटली त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरा. ई कोलायसाठी मात्र लॅबची निर्जंतुक बाटली वेगळी, ती विसळायची नाही. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, ४८ तासांच्या वर गेलं की नायट्रेटचा आकडा भरवशाचा राहत नाही. आणि लॅबला आधी विचारा की आकडा नायट्रेट म्हणून देणार की नायट्रोजन म्हणून. नायट्रेट म्हणून मर्यादा ४५, नायट्रोजन म्हणून तीच १० होते, आणि बाहेरच्या काही लॅब नायट्रोजनमध्ये देतात. १७ वाचून लोक खूश होतात, ते आपल्या मापात ७५ असतं.

खानापूरची_ताई

लॅबला पाठवायच्या आधी किटनं सगळ्या बोअरची चाळणी करून घ्या, म्हणजे पैसे योग्य जागी लागतील. पंचायतीत किट असतं, नळपाणी बघणाऱ्या माणसाला विचारा. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, पावडर टाकून हलवायचं, ठरलेली मिनिटं थांबलं की नायट्रेट असेल तसा गुलाबी रंग चढतो आणि तो कार्डावरच्या रंगाशी जुळवायचा. उन्हात धरून बघू नका, सावलीत पांढऱ्या कागदासमोर धरा, नाहीतर फिका रंग नजरेतून सुटतो. किटवर मुदत संपल्याची तारीख बघून घ्या, आमच्याकडं एकदा जुनी पावडर आली होती तर ती कुठल्याच पाण्याला रंग देईना.